गिरणी कामगारांच्या कुटुंबातील आजारपण, कर्ज व विमा : मुंबई, १९२१ ते १९५८

१

मुंबई शहराच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच मोठ्या साथींकडे वळते. १८९६ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांविषयी सरकारी अहवाल, पत्रव्यवहार व वृत्तपत्रांतील मजकूर विपुल आहे. परंतु ज्या आजारांना साथीची प्रतिष्ठा कधी मिळाली नाही, ते हिवताप, खोकला, अतिसार, अवघड बाळंतपण किंवा साच्यात सापडून चिरडलेले बोट, यांचा मागोवा घेण्याचे साधन सहजासहजी हाती लागत नाही. गिरणगावातील संसाराला मात्र या लहान आजारांचाच नित्य धाक असे.

प्रस्तुत निबंधात या आजारांचा शोध वैद्यकीय नोंदींत न घेता कुटुंबाच्या जमाखर्चात घ्यावयाचा आहे. आजार घरात शिरला म्हणजे पैसा कोठून येत असे आणि कोठे जात असे, हा आमचा मुख्य प्रश्न. त्याचा विचार करताना असे दिसून येते की, ज्या हिशेबांच्या आधारे कामगारांच्या दारिद्र्याची मीमांसा झाली, त्या हिशेबांतच आजाराची खरी किंमत नोंदविण्यास जागा नव्हती.

२

मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी स्थापन केली. तिचे प्रमुख फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली मे १९२१ ते एप्रिल १९२२ या बारा महिन्यांत शहरातील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली व तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे हिशेब तीत तपासले आहेत. सरासरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये भरले. पाहिलेल्या कुटुंबांपैकी ९७ टक्के एकाच खोलीत राहत होती. शंभरांतील ४७ कर्जबाजारी होती. आणि कर्जाची रक्कम सामान्यतः अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढी होती.

कर्जावरील व्याजाचा रूढ दर दरमहा रुपयाला एक आणा असा होता. बोलण्यात हा दर क्षुल्लक वाटतो; परंतु वर्षाचा हिशेब केल्यास तो शेकडा ७५ होतो. अडीच महिन्यांची मिळकत म्हणजे अदमासे १३० रुपये धरले आणि ते सर्व या दराने घेतले आहेत असे मानले, तर केवळ व्याजापोटी महिन्याला आठ रुपये द्यावे लागतील. ५२ रुपयांतून आठ रुपये गेले म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा गेला, आणि मुद्दल जागच्या जागी राहिले. सर्वच कर्जे या दराची नसत, हे ध्यानात ठेवूनही या आकड्यांचा अर्थ लपत नाही.

हे कर्ज कशामुळे होत असे? लग्नकार्ये, सणवार आणि मर्तिके यांवरील खर्च हे त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर होय. त्यात तथ्य नाही असे नव्हे. तथापि हिशेबाच्या तक्त्याची रचना पाहिली असता या उत्तराकडे सावधपणे पाहावेसे वाटते. अन्न, इंधन व दिवाबत्ती, कपडालत्ता, घरभाडे आणि किरकोळ असे खर्चाचे गट होते. औषधाचा पैसा ‘किरकोळ’ या सदरात जाई, आणि तो खरोखरच थोडा असे; कारण पुष्कळसा उपचार घरच्या काढ्यावर, मोफत दवाखान्यावर किंवा नवसावर भागत असे. लग्नाचा खर्च एका दिवसात होतो, तो मोजता येतो व लक्षात राहतो. आजाराचा मोठा खर्च मात्र औषधाचा नसून खाड्याचा असतो. कामावर न गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते. पण बुडालेली मजुरी हातात आलेलीच नसल्याने ती खर्चाच्या बाजूस दिसत नाही. जमेच्या बाजूस तेवढी तूट येते आणि ती कर्जाने भरून निघते. पुढे कर्जाचे कारण विचारले असता कामगार वाण्याची उधारी सांगतो किंवा ‘पोटासाठी’ म्हणतो. पंधरा दिवसांचा ताप अशा रीतीने कागदावरून नाहीसा होतो.

३

गिरणीतील वेतनपद्धतीमुळे ही अडचण दुणावत असे. पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर दहापंधरा दिवसांनी हाती पडणारा. म्हणजे नवा कामगार पहिला पगार घेण्यापूर्वीच सहा आठवडे उधारीवर जगलेला असे. या विलंबाचे समर्थन उद्योगाची गरज म्हणून केले जाई. परंतु १८९७ साली प्लेगच्या भयाने कामगार गावाकडे निघून गेले, तेव्हा मागे राहिलेल्यांना टिकवून धरण्यासाठी याच गिरण्यांनी रोजच्या रोज मजुरी दिली, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे.

आजारी कामगाराच्या जागी बदली कामगार उभा राही. आजार लांबला तर जागा परत मिळेलच अशी खात्री नसे, आणि ती मिळवून देणे बहुतांशी मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे. त्यामुळे अंगात ताप असताना कामावर जाणे हा अविचार नव्हता. तो एक प्रकारचा हिशेबच होता.

या परिस्थितीत कुटुंबाने आपल्यापुरती जी व्यवस्था उभी केली, तिला विमा हे नाव कोणी दिले नाही. पण तिचे कार्य तेच होते. पहिला आधार गावाचा. आजारी माणसाला कोकणात किंवा देशावर पाठविले म्हणजे शहरातील एक तोंड कमी होई आणि शुश्रूषा घरच्यांकडे जाई. दुसरा आधार गावकीच्या गाळ्याचा. एका गावचे लोक भाड्याने एक खोली घेऊन राहत, वर्गणी जमवीत आणि आजारपणाला किंवा मर्तिकाला त्यातून हातभार लावीत. गोमंतकीयांच्या मुंबईतील ‘कूड’ या संस्थाही याच जातीच्या होत. तिसरा आधार भिशीचा, आणि चौथा घरातील सोन्याचा व तांब्यापितळेच्या भांड्यांचा. हे चारही आधार संपले म्हणजे पठाणाकडे किंवा मारवाड्याकडे जावे लागे.

या व्यवस्थेचे गुण मान्य करूनही तिची मर्यादा सांगितली पाहिजे. गावकीचा निधी एकाच्या आजाराला पुरे. साथ आली अथवा संप झाला म्हणजे देणारे आणि मागणारे एकच होत. ज्या वेळी आधाराची गरज सर्वाधिक, त्याच वेळी तो नाहीसा होई.

४

कुटुंबातील स्त्री व मूल यांची स्थिती अधिक कठीण होती. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना १९२२ साली असे आढळले की, अशा स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात होती. आई कामावर असताना मूल निजून राहावे, एवढाच तिचा हेतू. चाळीत तिला ‘बाळगोळी’ म्हणत. या गोळीकडे अज्ञान म्हणून बोट दाखविणे सोपे आहे; परंतु मूल सांभाळण्यासाठी घरी राहिल्यास स्त्रीची मजुरी बुडत होती, आणि गोळीची किंमत त्या मजुरीपुढे नगण्य होती. खाड्याचा तोच न लिहिलेला रकाना येथेही आढळतो.

१९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचे नोंदलेले प्रमाण दर हजारी ६६० हून अधिक होते. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे योग्य होणार नाही. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. तेथे जन्मलेले मूल शहरात येऊन दगावले तर मृत्यू मुंबईच्या वहीत चढे, जन्म मात्र चढत नसे. तरीही, प्रमाण निम्म्यावर आणले तरी ते भयंकरच राहते.

या प्रश्नाला कायद्याचा पहिला स्पर्श मुंबई प्रांतातच झाला. आर. एस. आसवले यांनी मांडलेल्या प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाची चर्चा १९२८ साली विधिमंडळात झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै महिन्यात त्याला पाठिंबा देताना एक महत्त्वाचा भेद केला : हा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते, पण ज्याला स्त्रीच्या श्रमाचा लाभ मिळतो त्या मालकाला सर्वस्वी मोकळे सोडणे त्यांना न्याय्य वाटत नव्हते. १९२९ साली कायदा झाला. दररोज आठ आण्यांचे साहाय्य ठरले व ते देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर पडली. प्रत्येक बाळंतपणाचा खर्च ज्या त्या गिरणीवर पडू लागल्याने विवाहित तरुण स्त्रीला कामावर न घेण्याचा मोह मालकांना होणे अपरिहार्य होते. जोखीम अनेकांत वाटली न गेल्यास संरक्षणाचा कायदा संरक्षिताच्याच अंगावर उलटतो, हा धडा पुढील योजनाकारांना येथूनच मिळाला.

५

आजारपणाच्या विम्याचा विचार यापूर्वीच सुरू झाला होता. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९२७ साली त्याविषयीचा करार संमत केला. हिंदुस्थानने तो स्वीकारला नाही. १९३१ च्या व्हिटले आयोगाने बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत व बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे, असा अंदाज दिला. अखेर मार्च १९४३ मध्ये आरोग्य-विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला. त्या वेळी केंद्रात कामगार खात्याची सूत्रे डॉ. आंबेडकरांकडे होती.

१९४८ चा राज्य कामगार विमा कायदा हे या विचाराचे फळ. योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये ती मुंबईत आली. मुंबईत सरकारी दवाखान्यांऐवजी मुख्यत्वे खाजगी डॉक्टरांच्या यादीवर भर देण्यात आला. कामगाराने आपल्या वस्तीतील डॉक्टर निवडावा अशी सोय झाली. प्रसूतीसाठी बारा आठवड्यांचे साहाय्य आता एकट्या गिरणीच्या तिजोरीतून न येता सामाईक निधीतून मिळू लागले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद औषधाची नव्हे, तर रोख साहाय्याची होय. आजारी कामगाराला वर्षातून ५६ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या सातबारांश, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक, रक्कम मिळू लागली. सातबारा म्हटले की गावच्या जमिनीचा उतारा डोळ्यांपुढे येणाऱ्या कामगाराला या अपूर्णांकाची गंमत वाटली असेल. योगायोग खरा; परंतु पूर्वी आजारात ज्या जमिनीच्या तुकड्याकडे परतावे लागे, तिच्या जागी आता हा दुसरा सातबारा आला होता. खाड्याचा रकाना प्रथमच अधिकृत हिशेबात उघडला गेला.

मात्र तो एकाच नावाने उघडला गेला. प्रारंभी वैद्यकीय मदतीचा हक्क फक्त विमा उतरलेल्या कामगाराला होता. त्याची पत्नी, मुले व वृद्ध आईबाप यांना ती लागू नव्हती. वर्गणी कुटुंबाच्या मिळकतीतून जाई आणि डॉक्टर एकट्यासाठी येई. १९५८ पासून निरनिराळ्या प्रदेशांत क्रमाक्रमाने कुटुंबीयांना वैद्यकीय साहाय्य मिळू लागले, तेव्हा ही विसंगती कमी होऊ लागली. तरीही मुलाच्या आजारासाठी आईने घेतलेल्या खाड्याला मोबदला नव्हताच.

६

या इतिहासाचा उत्तरभाग थोडक्यात सांगता येईल. विम्याचा हक्क नोकरीशी बांधलेला असल्याने, जानेवारी १९८२ च्या संपानंतर ज्यांची कामे कायमची गेली, त्यांच्या हातून वेतनाबरोबर तो हक्कही निसटला. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ विमा आणला. २०१२ साली महाराष्ट्र शासनाची जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. या योजनांनी रुग्णालयाचे मोठे बिल फेडण्याची सोय केली व अनेक कुटुंबे त्यामुळे सावरली, हे निर्विवाद आहे. पण त्यांचा रोख मुख्यतः रुग्णालयातील उपचारांच्या खर्चावर आहे; रोजंदारीवर जगणाऱ्याच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

१९२३ च्या अहवालाने आजाराला ‘किरकोळ’ सदरात घातले, यात शिरास यांचा हेतुपुरस्सर दोष नव्हता. जे खर्च झाले तेच त्यांनी मोजले. परंतु गरिबाच्या घरी जे आलेच नाही, तेही मोजावे लागते. कौटुंबिक अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकांनी जुने तक्ते पुन्हा हाती घेताना खर्चाच्या बाजूपेक्षा जमेच्या बाजूकडे अधिक बारकाईने पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे. एखाद्या महिन्याची जमा अकस्मात उतरलेली दिसली, तर त्या महिन्यात त्या एका खोलीत कोण आजारी होते, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.