गेलेल्या दिवसांचा हिशेब

खानदेशच्या इतिहासावर आम्ही लिहू-बोलू लागलो की सुरुवात फारुकी सुलतानांपासून होते. थाळनेरहून कारभार पाहणारा मलिक राजा, असीरगड, बुऱ्हाणपूर, मग मोगल, मराठे, इंग्रज. त्यानंतर 1906 साली खानदेशचे झालेले पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, म्हणजेच पुढचे जळगाव आणि धुळे जिल्हे. हा इतिहास आम्हाला प्रिय आहे आणि तो सांगितलाही पाहिजे. पण याच भूमीचा आणखी एक इतिहास आहे. तो किल्ल्यांच्या भिंतींवर नाही. कोर्टाच्या रोजनाम्यात, वकिलाच्या फायलीत आणि घरातल्या जुन्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या कागदांत आहे. खटला उभा राहण्याआधीच ज्यांची वर्षे गेली, त्यांचा हा इतिहास. आम्ही येथे तोच मांडू पाहतो.

धुळ्याच्या तुरुंगाचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते 1932 सालामुळे. त्या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. याच गुरुजींनी पुढे ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले, म्हणून आम्हाला त्यांच्याविषयी वेगळा जिव्हाळा आहे. ते सत्याग्रही होते. त्यांना शिक्षा झाली होती, आणि शिक्षेला मुदत असते. शिक्षा झालेला कैदी भिंतीवर रेघा मारून दिवस मोजू शकतो. आज इतके गेले, आता इतके उरले. ज्याला आपण कच्चा कैदी म्हणतो त्याला ही सोय नाही. गेलेले दिवस त्याला मोजता येतात, उरलेले मोजता येत नाहीत. परकीय सरकारच्या तुरुंगातल्या शिक्षा झालेल्या माणसाला जे ठाऊक होते, ते स्वतंत्र भारतातल्या शिक्षा न झालेल्या माणसाला ठाऊक नसते. 31 डिसेंबर 2022 रोजी देशाच्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांत तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

आता भुसावळकडे येऊ. 6 डिसेंबर 1992 नंतरची ती वर्षे. 28 मे 1994 रोजी ‘टाडा’खाली अटकेचे एक प्रकरण उभे राहिले आणि त्याला भुसावळचे नाव चिकटले. बाबरी मशिदीच्या विध्वंसाचा सूड घेण्यासाठी घातपाताचा कट रचला, असा आरोप होता. आरोपी अकरा, सगळे मुसलमान. ‘टाडा’त पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चाले, जामीन जवळजवळ अशक्य असे आणि दोषारोपपत्राविना 180 दिवस कोठडीत ठेवता येई. हा कायदा 23 मे 1995 रोजी संपला. भुसावळ प्रकरणातील अटकेला तेव्हा वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. कायदा संपला, पण त्याखालचे खटले संपले नाहीत, कारण कायद्यातच तशी तजवीज होती. नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयाने या अकरा जणांना निर्दोष सोडले ते 27 फेब्रुवारी 2019 रोजी. ठोस पुरावा नव्हता आणि ‘टाडा’नेच घालून दिलेली पथ्ये तपासात पाळली गेली नव्हती. ‘टाडा’चे स्वतःचे आयुष्य दहा वर्षांचे. त्या कायद्याच्या मृत्यूनंतर हा खटला जवळजवळ चोवीस वर्षे जिवंत राहिला.

ही सगळी वर्षे कोणी गजाआड होते असे नव्हे. पण जामिनावरचा माणूस मोकळा असतो, हा समज ज्याने तारखा केल्या नाहीत त्याचा. भुसावळहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर. आदल्या रात्री निघायचे, सकाळी कोर्टात हजर व्हायचे, दुपारी पुढची तारीख घेऊन परतायचे. नोकरी असेल तर रजा, मजुरी असेल तर खाडा. पासपोर्ट नाही, सरकारी नोकरीचा विचारच नाही. मुलीच्या स्थळाची बोलणी सुरू झाली की समोरचे हळूच विचारतात, “ती केस मिटली का?” या काळात जमियत उलमाच्या कायदेशीर मदत समितीने वकील दिले. त्या समितीचे ऋण मान्य करूनही आम्हाला विचारावेसे वाटते की निर्दोष माणसाने निर्दोष ठरण्याचा खर्च वर्गणीतून का भागवावा?

धुळ्याहून जेमतेम पन्नास किलोमीटरवर मालेगाव आहे. जिल्हा नाशिक, पण धुळे-मालेगाव ही सोयरिकीची गावे. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. आणि पकडले गेले नऊ मुसलमानच. ज्या गावाने जनाजे उचलले त्याच गावाने आपल्या पोरांसाठी वकील शोधले. पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2011 मध्ये, त्यांतले सात जण जामिनावर बाहेर आले. 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना आरोपमुक्त केले. नववा त्याआधीच अल्लाहला प्यारा झाला होता.

त्याच 2006 सालच्या 11 जुलैच्या मुंबई लोकल स्फोटांचा खटला विशेष न्यायालयात 2015 पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे चालला. जळगावचा एक तरुण त्यात आरोपी होता. एकटे अब्दुल वाहिद शेख तेव्हा सुटले. पेशाने शिक्षक, नऊ वर्षे कच्चे कैदी. बाकीच्या बारा जणांना शिक्षा झाली. त्यांपैकी एक जण 2021 साली तुरुंगातच कोरोनाने गेला. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने तीनच दिवसांनी, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. त्यानंतर वाहिद शेख यांनी आपल्या नऊ वर्षांसाठी नऊ कोटी रुपयांची भरपाई मानवी हक्क आयोगाकडे मागितली. आकडा ऐकून काहींनी भुवया उंचावल्या. आम्ही म्हणतो, आकड्यावर जरूर वाद घाला, पण मागणीचा हक्क आहे की नाही ते आधी सांगा.

तर तो हक्क आहे का? कायदा उघडून पाहिले तर उत्तर निराश करणारे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 358 मध्ये विनाकारण अटकेबद्दल भरपाई होती, ती जास्तीत जास्त एक हजार रुपये. तीही सरकारने नव्हे, तर ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याने द्यायची. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमाचा क्रमांक 399 झाला, रक्कम मात्र एक हजारच राहिली. भारताने 1979 साली नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क असावा, असे त्या कराराचे नववे कलम सांगते. प्रवेश करताना आपल्या सरकारने नोंद करून ठेवली की आमच्या कायद्यात असा हक्क नाही.

पुढे दार थोडे किलकिले केले ते न्यायालयाने. बिहारचा रुदुल साह 1968 साली निर्दोष सुटला, पण तुरुंगाबाहेर आला 1982 साली. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या 21व्या कलमाच्या आधारे त्याला आधी मिळालेले पाच हजार धरून एकूण 35 हजार रुपये देवविले. चौदा वर्षांच्या दिवसांनी भागले तर दिवसाला सात रुपयांहूनही कमी. तरी तो निकाल ऐतिहासिक होता, कारण माणसाचा हिरावलेला दिवस सरकारला फुकट पडणार नाही हे तत्त्व त्यातून प्रथम आले.

पण तत्त्व आले तरी नियम आला नाही. ज्या 1994 साली भुसावळची अटक झाली, त्याच साली केरळमध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली पकडले. सुमारे पन्नास दिवस ते कोठडीत होते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 50 लाख रुपये दिले आणि ते योग्यच झाले. मात्र अक्षरधाम प्रकरणात 2014 साली निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा, 2016 मध्ये, त्याच न्यायालयाने ती नाकारली. निर्दोष सुटणारा प्रत्येक जण उद्या भरपाई मागेल, ही चिंता त्यामागे होती. एकाला मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. कारण मोजमापच ठरलेले नाही.

या साऱ्यात आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटते ते हैदराबादचे उदाहरण. 2007 च्या मक्का मशीद स्फोटानंतर तेथील अनेक मुस्लिम तरुण पकडले गेले आणि पुढे सुटले. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या शिफारशीनंतर आंध्र प्रदेश सरकारने वीस जणांना प्रत्येकी तीन लाख आणि पन्नास जणांना प्रत्येकी वीस हजार, असे एकूण 70 लाख रुपये दिले. 2013 साली उच्च न्यायालयाने तो सरकारी आदेश रद्द केला आणि पैसे वसूल करण्यास सांगितले. निर्दोष सुटणे एवढ्यावरून भरपाई देण्यास कायद्याचा आधार नाही, हे त्याचे कारण. त्या दिवशी आमच्यापैकी अनेकांनी न्यायालयाला दोष दिला. आज शांतपणे पाहता वाटते की चूक आणखी आधी झाली होती. सरकारने हक्क दिलाच नव्हता, मेहेरबानी केली होती. आणि मेहेरबानी परत मागता येते.

जर्मनीत 1971 पासून कायदा आहे. खटल्याआधी कोठडीत राहून निर्दोष सुटलेल्याला तेथे दिवसामागे ठरलेली रक्कम मिळते. 2020 पासून ती 75 युरो आहे, आर्थिक नुकसान वेगळे. जपानच्या राज्यघटनेचे चाळिसावे कलमच निर्दोष सुटलेल्याला सरकारकडे दाद मागण्याचा हक्क देते. या देशांत अधिकाऱ्याचा हेतू वाईट होता हे कैद्याला सिद्ध करावे लागत नाही. दिवस मोजले जातात. आपल्या विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277वा अहवाल देऊन भरपाईसाठी कायदा आणि विशेष न्यायालये सुचवली. पण त्यात भर आहे तो दुष्ट हेतूने किंवा सद्भावनेशिवाय चालवलेल्या खटल्यांवर. नुसत्या दिरंगाईत गेलेली वर्षे त्या व्याख्येतून निसटतात. आणि एवढी शिफारसही नव्या संहितेत आली नाही. नव्या संहितेच्या कलम 479 ने पहिल्यांदा आरोपी झालेल्याला एक-तृतीयांश शिक्षेएवढा काळ गेल्यावर जामिनाची वाट दाखवली, पण फाशी किंवा जन्मठेपेच्या आरोपांना ती लागू नाही. मालेगावच्या पोरांना ती उपयोगी पडली नसती.

आठव्या शतकाच्या अखेरीस काझी अबू यूसुफ यांनी खलिफा हारून अल-रशीदसाठी ‘किताब अल-खराज’ लिहिली. महसुलाच्या त्या ग्रंथात कैद्यांविषयीही सल्ला आहे. तुरुंग भरतात ते प्रकरणांकडे कोणी पाहत नाही म्हणून. अधिकाऱ्यांनी ती रोज तपासावीत आणि ज्याच्याविरुद्ध काही नाही त्याला सोडावे. बाराशे वर्षांपूर्वी एका काझीला जे दिसले ते आजच्या गृहखात्याला दिसू नये, याचे नवल वाटते.

शेवटी दोन शब्द स्वतःसाठीही. सुटून आलेल्याला आम्ही काय दिले? मोहल्ल्यात त्याचे हार घालून स्वागत झाले, भाषणे झाली. आठवड्याने त्याला काम देताना आम्हीच मागेपुढे पाहिले. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांना बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ते लगेच तुरुंगाबाहेर पडले नाहीत. माझ्यावरच्या आळाची आधी चौकशी करा, असा निरोप त्यांनी पाठवला. सुटका आणि इज्जत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाईच्या रकमेपेक्षा, ‘चूक आमची होती’ हे सरकारने शिक्क्यानिशी लिहून देणे मोलाचे आहे. तो कागद हाती असेल तर स्थळ पाहायला आलेल्यांना उत्तर देता येते.

आणि ही मागणी केवळ मुसलमानांची ठेवली तर ती पुन्हा मेहेरबानीच्याच वाटेने जाईल. याच खानदेशातल्या कच्च्या कैद्यांत भिल्ल आणि पारधी आहेत, ज्यांच्या मागे ना जमियत आहे ना वकील. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, पण त्याने लावलेला संशय अजून गेलेला नाही. त्यांच्यासकट सर्वांसाठी आम्हाला एक साधा कायदा हवा आहे. निर्दोष ठरलेल्या माणसाचे कोठडीतले दिवस मोजावेत, दर दिवसाची रक्कम ठरलेली असावी, आणि निकालपत्राच्या शेवटी न्यायाधीशांनीच तो हिशेब लिहावा. नाशिकच्या त्या अकरा जणांच्या खटल्यात तारखा तर सगळ्या लिहिलेल्या होत्या. बेरीज तेवढी कोणी केली नाही.