गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर

आधी कपडे बदला. अंगावर जे काही असेल ते घडी करून बाजूला ठेवा. पुरुष वाचकांचीही सुटका नाही. आज सगळ्यांनी नऊवारीच नेसायची आहे, आणि तीही गडद गुलाबी. निऱ्या खोचा, काष्टा मागे घट्ट ओढून घ्या, पदर डोक्यावरून घ्या. आता वयाचं बघू. तुमच्या आजच्या वयात सत्तरी गाठायला जेवढी लागतील तेवढी वर्षं घाला. गुडघ्यात कळ आली? सुईतला दोरा दिसेनासा झाला? उठताना हात आपोआप जमिनीला टेकला? मग पोचलात तुम्ही.

तुम्ही मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आहात. सत्तरेक उंबऱ्यांचं गाव. २०१७ सालचा मार्च, दुपारचे दोन वाजायला आलेत. पहाटेपासून तुम्ही भाकऱ्या थापल्यात, गुरांना पाणी दाखवलंय, शेणगोठा केलाय, नातवाला खेळवत झोपवलंय. आता सुनेनं तुमच्या हातात एक दप्तर दिलंय. त्यात पाटी आहे, पेन्सिल आहे. दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट बसत नाही. आजवर या खांद्यानं लाकडाची मोळी पेललीय, पोरं पेललीत, पण त्याला पट्टा कधी माहीत नव्हता.

"निघा आता, उशीर होईल," सून म्हणते. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या मुलाला शाळेत धाडताना तुम्ही अगदी हेच म्हणत होतात.

बाहेर पाऊल टाकताच ऊन अंगावर येतं. जमीन तापलेली, वहाणेतूनही टाचेला कळतंय. कापणी होऊन भातखाचरं केव्हाचीच मोकळी झालीत, बांध उघडे पडलेत. कुठंतरी राब भाजलाय. पालापाचोळ्याच्या आणि जळक्या शेणाच्या धुराची आंबूस चव थेट घशात उतरते. त्यातच मोहाच्या फुलांचा जडशीळ गोड वास. कोंबड्या ओसरीच्या सावलीत पंख सैल सोडून पडल्यात. पुढं पाराजवळ चारपाच पोरं बसलीत. तुम्हाला त्यांच्यासमोरूनच जायचंय.

"आजे, शाळंला चाललीस?"

चेष्टा आहे का खरीच चौकशी, ते आवाजावरून कळत नाही. पण कान तापतात. कारण आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुमचे मालक जाऊन बरीच वर्षं झालीत. तेव्हापासून तुमच्या दांडीवर वाळत पडणारी लुगडी मातकट, राखाडी, विटकीच होती. कुणी बंदी घातली नव्हती, पण असा भडक रंग घ्यायची तुमची छाती झाली नव्हती. आज भर दुपारी, भर रस्त्यातून, सगळ्या गावादेखत तुम्ही गुलाबी रंगात चालला आहात. पदर पुढं ओढावासा वाटतो. ओढा थोडा. पण पाय थांबवू नका.

वळणावर समोरून दुसरी गुलाबी नऊवारी येते. मग तिसरी. मग काठी टेकत चौथी. कुणी काही बोलत नाही, फक्त चालीचा वेग एक होतो. एकटीनं चालताना तुम्ही पोरांच्या नजरेतून सुटत नव्हतात, आता मात्र पोरंच पारावरून उठून वाट देतात. गणवेश काय करतो ते तुम्हाला पहिल्या शंभर पावलांतच कळलं.

शाळा म्हणजे बांबूच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली खोप. भिंतीच्या फटींतून उन्हाच्या बारीक पट्ट्या आत आल्यात आणि सगळ्यांच्या पाठींवर पडल्यात. भोवती रोपं लावलीत, प्रत्येकीचं एक. तुमचंही लागेल, आणि त्याला पाणी घालायचं काम तुमच्याकडेच असेल.

आत शिरा. वाकून. वाळक्या गवताचा वास, घामाचा, कुणाच्या तरी मिश्रीचा, खोबरेल तेलाचा, आणि या सगळ्याच्या वर पाटीवरच्या पेन्सिलीच्या भुकटीचा कोरडा वास. वीस-पंचवीस जणी मांडी घालून बसल्यात. साठीच्या आहेत तशा नव्वदीच्या घरातल्याही आहेत. एकीच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय. एकीला ऐकू कमी येतं, म्हणून ती फळ्याला नाक लावून बसते. आणि सगळ्या एकाच रंगाच्या. नवरा असलेली कोण, नसलेली कोण, दोन एकर जमीनवाली कोण, रोजंदारीवर जाणारी कोण, हे साडीवरून सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही अशा रांगेत बसताय.

"बस गो हितं," शेजारीण सरकून जागा करते. तिची नऊवारी तुमच्यापेक्षा फिकी आहे. वर्षभर धुऊन धुऊन गुलाबी उतरलाय. ती ज्येष्ठ आहे हे त्या उतरलेल्या रंगावरून समजतं, आणि तुम्हाला तिच्या फिक्या काठाचा जरासा हेवाही वाटतो. तुमची साडी अजून कडक आहे, घडीच्या रेषा दिसतायत. नवी विद्यार्थिनी म्हणून लांबूनच ओळखू येताय.

तीच तुम्हाला कुजबुजत हकिकत सांगते. शिवजयंतीला गावात वाचन चाललं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्या वाचत होत्या, बाकीच्या म्हाताऱ्या ऐकत होत्या. त्यातल्या काहींनी बोलून दाखवलं, आम्हाला पण वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते ऐकलं आणि मनावर घेतलं. मोतीराम दलाल ट्रस्टनं साड्या, दप्तरं, पाट्या, फळा दिला, आणि २०१६ च्या ८ मार्चला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा भरली. "म्या पहिल्या दिवसापासनं हाय," शेजारीण मान ताठ करून म्हणते.

प्रार्थना सुरू होते. सगळ्या हात जोडून उठतात, म्हणजे उठायचा प्रयत्न करतात; कुणी भिंतीला धरून, कुणी शेजारणीच्या खांद्यावर भार टाकून. सूर एकत्र लागत नाही. एक पुढं, एक मागं, एकीला शब्द आठवत नाहीत म्हणून ती नुसतीच गुणगुणते. पण तो आवाज छातीत घुमतो. मग शिकवणारी बाई फळ्याकडं वळते. ती गावचीच सून आहे, समोर बसलेल्या तिच्या सासूच्या वयाच्या. तरी सगळ्याजणी तिला बाईच म्हणतात, आणि तिनं डोळे मोठे केले की गप्प होतात.

"अ."

पेन्सिल धरा. अशी नव्हे, तुम्ही विळा धरल्यासारखी धरलीय. बोटं सैल करा. नाही होत? सत्तर वर्षांत या बोटांनी भात लावलंय, कापलंय, दळलंय, शेणी थापल्यात. त्यांना घट्ट धरणं ठाऊक आहे, हलकं धरणं ठाऊक नाही. पेन्सिल पाटीवर करकरते, दातांतून शिरशिरी जाते. रेघ खाली न जाता आडवीच पळते. पुसा. पुन्हा. पदरानं पुसू नका हं, गणवेश आहे तो. ओलं फडकं घ्या.

तिसऱ्या वेळी पेन्सिल मोडते, सगळा वर्ग हसतो, आणि तुम्हीही हसता. हसताहसता पाटी धरलेल्या स्वतःच्या हाताकडं लक्ष जातं. मनगटाच्या वर हिरवट गोंदण आहे, वय वाढेल तसं कातडीबरोबर सुरकुतलेलं. तिथं बघत राहा, कारण आपल्याला आणखी खाली उतरायचंय.

साठ-पासष्ट वर्षं मागं या. आता तुम्ही सात वर्षांच्या आहात. गुडघ्यात कळ नाही, पण पोटात भूक आहे. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा. तुमचा बाप बैल बघायला आलाय, तुम्ही आईचा पदर धरून. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा, ओरडणाऱ्या व्यापाऱ्यांचा, पाळण्याच्या कुरकुरीचा गदारोळ चाललाय. धूळ इतकी की समोरची घोंगड्यांची रास धूसर दिसतेय. तळलेल्या भज्यांचा वास नाकात, पण आईच्या कनवटीला तेवढे पैसे नाहीत. असलेल्या पैशांत ती तुम्हाला गोंदणारणीपुढं बसवते.

गोंदणारीण तुमचा हात मांडीखाली दाबून धरते. काजळीत बुडवलेल्या सुया. पहिला टोचा बसतो आणि तुम्ही किंचाळता. आई डोकं दाबून धरते, "झालं, झालं" म्हणते, पण होत नाही. तुळस उमटते, ठिपके उमटतात, वरून हळद चोळली जाते आणि आग आणखी भडकते. रात्री हात सुजतो. आई म्हणते, बाकी दागिने इथंच राहतात, हे तेवढं वर गेल्यावरही संगं येतं. आता तुम्ही आईसारख्या, आजीसारख्या, आत्यासारख्या दिसता. तुम्ही त्यांच्यातल्या झालात. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी तुमच्या भावाला पाटी मिळते. तुम्हाला गुरांमागं धाडतात. शाळेच्या मागच्या कुडाशी उभं राहून तुम्ही पाढे ऐकता, गाय कुणाच्या तरी शेतात शिरते, आणि घरी मार बसतो. एवढंच तुमचं शिक्षण.

मग वर्षं भरभर जातात. लग्न, बाळंतपणं, आवण्या, मळण्या. मधे मधे एका टेबलासमोर तुम्ही उभ्या आहात, कधी बँकेत, कधी रेशनच्या दुकानात. शाईचा डबा पुढं सरकतो. कुणीतरी तुमचा अंगठा धरतो, दाबतो, कागदावर टेकवतो. मागच्या रांगेतली शिकलेली पोरगी बघतेय. तुम्ही अंगठा लुगड्याला पुसता, डाग जात नाही. घरी जाऊन राखेनं घासता. ही खूण गोंदणापेक्षा जास्त टोचते.

आता परत वर या, खोपीत. दुपार उतरतेय. शेजारणीनं आपली पाटी तुमच्याकडं वळवलीय. तिच्यावर तिचं नाव आहे. वेलांटी वाकडी, एक अक्षर दुसऱ्यावर चढलंय, पण नाव तिचंच. बँकेत आता ती शाईच्या डब्याकडं बघतही नाही, सही करते. ती ते सांगत नाही, नुसतं बोट ठेवून दाखवते. तुम्ही वाचू शकत नाही, अजून नाही. पण कळतं.

बाहेर शाळा सुटल्याचा गलका होतो. नातवंडं दारात आलीत, आजीचं दप्तर कोण धरणार यावरून भांडतायत. रात्री हीच पोरं तुमचा अभ्यास घेतील आणि चुकलात तर तुमच्यावर ओरडतील. रोपाला पाणी घाला, आणि परतीच्या वाटेला लागा. पारावरची पोरं पुन्हा दिसतील. या वेळी पदर पुढं ओढू नका.

आता या वर्तमानात, स्वतःच्या वयात. साडी मात्र क्षणभर अंगावर असू द्या, कारण एक प्रश्न उरलाय. हा प्रश्न बायकांना जगभर विचारला जातो: या वयात हे शोभतं का? अमेरिकेत १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा कप्पा अल्फा नावाचा भगिनी-संघ स्थापला. त्यांचे रंग गुलाबी आणि हिरवा. कॉलेज संपलं तरी सभासदत्व संपत नाही. केस पिकलेल्या बायकाही संघाच्या मेळाव्याला तेच रंग घालतात, त्याच्या खुणेची पिन छातीवर लावतात. त्यांनी ती खूण विशीत कमावली आणि म्हातारपणापर्यंत जपली. फांगण्याच्या आज्यांनी ती थेट म्हातारपणीच कमावली, आणि त्यांच्या आधी त्या शाळेत शिकलेलं कुणी नव्हतं. त्यांच्या ज्येष्ठ त्याच, नवख्याही त्याच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना लहानपणी हा मान नाकारला गेला, त्यांनी तो सत्तरीत अंगावर घेतला तर त्यांच्याइतका त्याच्यावर हक्क कुणाचाच नाही. गोंदण त्यांना न विचारता मिळालं, अंगठ्याची शाई नाइलाजानं मिळाली. गुलाबी नऊवारी त्यांनी स्वतः, शुद्धीत, भर उन्हात चालत जाऊन मिळवली. वयाला शोभत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वाटेनं मार्चच्या दुपारी चालून बघावं.

आता साडी उतरवा, नीट घडी घाला. आणि तुमच्या घरात, शेजारात, गावाकडं अजून अंगठा उठवणारी एखादी आजी असेल, तर आज संध्याकाळी तिच्यापुढं पाटी घेऊन बसा. तिला तिचं नाव शिकवा. तिनं गणवेश मागितला, तर तोही आणून द्या.