हातपेटीचें नवें भावंड

गेल्या महिन्यांत माझ्या नातीनें मला एक प्रश्न विचारला. शिक्षणासाठीं ती परगांवीं राहते. टॅब्लेटवर चाली बांधते, आणि त्या कामीं तिला पाठीवरच्या पिशवींत मावेल असा एक मिडी कंट्रोलर घ्यावयाचा होता. कोणता घ्यावा, हें तिनें मजसारख्या जुन्या शाळामास्तरास विचारावें याचें प्रथम मला हंसूं आलें. पण घरांत पेटी वाजविणारा मी एकटाच. विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न मुळीं नवा नव्हेच. उचलून नेतां येईल असें पट्ट्यांचें वाद्य घ्यावें, तर त्यापायीं काय सोडावें लागतें, याचा वाद आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षांचा आहे.

हार्मोनियमचें पेटंट पॅरिसच्या दबँ नामक कारागिरानें १८४२ सालीं घेतलें. तें वाद्य खुर्चीवर बसून, पायानें भाता चालवून वाजवावयाचें. आमची बैठक जमिनीवरची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं हातानें चालणारा भाता मागें बसवून पेटी सुटसुटीत केली, आणि ती कीर्तनांत, मैफलींत, तालमींत सर्वत्र जाऊन बसली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं तर तिला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु या सोयीची किंमत पडली ती अशी कीं, डावा हात भात्यांत गुंतला आणि सप्तकाचे बारा स्वर जागच्या जागीं खिळले. मींड गेली, श्रुतींचा सूक्ष्म भेद गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्स नांवाचे इंग्रज न्यायाधीश यांनीं बावीस श्रुतींची पेटी करवून पाहिली. ती कांहीं प्रचारांत आली नाहीं.

पुढें १९३८ सालीं दिल्ली रेडिओवरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं पेटीवर एक जळजळीत लेख लिहिला, आणि १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर तिला बंदी झाली. ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. आक्षेप घेणारांचें म्हणणें खोटें नव्हतें. अपराधाच्या मानानें शिक्षा मात्र फार मोठी झाली, असें माझें मत आहे. तीस वर्षांत घराघरांतून पेटी कांहीं हलली नाहीं.

आतां मिडीकडे वळूं. १९८१ सालीं अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ यांनीं निरनिराळ्या कारखान्यांच्या विद्युत्-वाद्यांसाठीं एक समाईक भाषा सुचविली. जपानच्या रोलंड कंपनीचे काकेहाशी त्यांना येऊन मिळाले, आणि जानेवारी १९८३ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका प्रदर्शनांत दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. त्या तारेंतून नाद वाहत नाहीं. वाहते ती आज्ञा. अमुक पट्टी दाबली, अमुक जोरानें दाबली, आतां सोडली, एवढेंच. नाद निर्माण करावयाचा तो पलीकडच्या यंत्रानें. म्हणूनच कंट्रोलर रिकामा असतो व हलका असतो. १९९९ सालीं या आज्ञा यूएसबीवरून धाडण्याचे नियम ठरले; २०१० सालीं आयपॅड आला व त्याच वर्षाअखेर त्याला ही भाषा समजूं लागली.

मग नातीस काय सांगावें? निराळा ड्रायव्हर न चढवितां टॅब्लेट ओळखील असाच कंट्रोलर घ्यावा, आणि तो थोड्या विजेवर चालावा. कांहीं टॅब्लेट जास्त वीज मागणारें उपकरण सरळ नाकारतात. हें झालें दुकानदारही सांगेल तें. माझा खरा आग्रह डाव्या हाताविषयीं होता. भाता गेल्यामुळें जो हात दीडशे वर्षांनीं मोकळा झाला, त्याला काम हवें! स्वर वांकविणारें चाक असलें तर गेलेली मींड परत येते. मिडीच्या नियमांत या चाकाला १६,३८४ पायऱ्या आहेत. स्वस्त चाक त्या साऱ्या वापरीलच असें नव्हे, म्हणून हळू फिरवून कानानें पारखावें. हें चाक एका वाहिनीवरचे सगळे स्वर एकदम वांकवितें. प्रत्येक स्वर निराळा वांकवितां यावा म्हणून २०१८ सालीं एमपीई नांवाची नवी रीत मान्य झाली. पण आमच्या गाण्यांत एका वेळीं एकच स्वर चालतो. त्यासाठीं जादा पैसे कशाला? दुसरें चाक नाद फुगविण्या-ओसरविण्यास लावावें. पट्टीवरील आघाताचा जोर एकदांच मोजला जातो. भात्यासारखा धरलेला स्वर मागाहून फुलवितां येत नाहीं, तें काम या चाकाचें.

राहतां राहिल्या पट्ट्या. पंचवीस पट्ट्या म्हणजे दोन सप्तकें. सप्तक बदलण्याचें बटन असतें खरें, पण मंद्रांतून तारांत जाणारी तान मध्येंच बटन दाबून घेणें म्हणजे धांवतां धांवतां जोडा बदलणें. मीं सदतीस पट्ट्यांचा सुचविला. नातीनें पिशवीचें माप घेतलें आणि पंचवीसचाच आणला. चाकें मात्र दोन्हीं आहेत, एवढें माझें ऐकलें.