उधळपट्टी क्लबाची, भरपाई कोणाची?



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस फुटबॉलच्या हिशेबवह्यांवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. पण शिक्षा कोणाला करायची आणि कशासाठी, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तो जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. ऐपतीपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या क्लबाचं लीगने काय करावं, हा आजचा प्रश्न.

प्रथम लीग म्हणजे काय ते बघू. बाजारात शेजारचं दुकान बंद पडलं तर आपलं गिऱ्हाईक वाढतं. फुटबॉलमध्ये मात्र प्रतिस्पर्धीच बुडाला तर शनिवारी खेळायचं कोणाशी? १८८८ मध्ये बारा क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली तेव्हापासून ही अडचण आहे. एकमेकांना हरवायचं आणि एकमेकांना जगवायचंही!

सुरुवातीच्या पिढ्यांनी यावर लगाम शोधले. १९०१ पासून खेळाडूच्या पगारावर आठवड्याला चार पौंडांची मर्यादा आली. १९०५ मध्ये मिडल्सब्रो क्लबाने खालच्या श्रेणीत घसरू नये म्हणून आल्फ कॉमन या खेळाडूला सुंदरलंडकडून हजार पौंडांना विकत घेतलं. त्या काळी ही रक्कम ऐकून लोक थक्क झाले. पुढे १९०८ मध्ये खेळाडूच्या किमतीवर ३५० पौंडांची मर्यादा घातली गेली, पण ती काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. पगाराची मर्यादा मात्र १९६१ पर्यंत टिकली. ती खेळाडूंवर अन्याय करणारी होती, गेली ते बरंच झालं. १९८३ पासून तिकिटांच्या उत्पन्नातला पाहुण्या संघाचा वाटाही बंद झाला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली आणि दूरचित्रवाणीचा पैसा वर साचू लागला. वर राहिलात तर मालामाल, घसरलात तर कंगाल. अशा व्यवस्थेत उधळपट्टी हा केवळ स्वभावदोष राहत नाही, ती जवळजवळ सक्ती होते.

लीड्स युनायटेडचं उदाहरण घ्या. पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर त्यांनी सहा कोटी पौंडांचं कर्ज उभारलं. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला, २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. म्हणजे उद्याचं पीक आजच विकून टाकलं, आणि उद्या पाऊसच आला नाही.

आता शिक्षेकडे येऊ. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये लेस्टर सिटीचा कारभार प्रशासकाकडे गेला. क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. धनकोंना, म्हणजे ज्यांचं येणं होतं त्यांना, थोडक्यावर समाधान मानावं लागलं. आणि त्याच हंगामात लेस्टर वरच्या श्रेणीत बढती मिळवून गेलं! जे क्लब काटकसरीने, वेळेवर बिलं भरून खेळत होते, त्यांना काय वाटलं असेल? म्हणून २००४ मध्ये नियम आला की, प्रशासक नेमला गेला तर दहा गुण कापायचे.

हा नियम मला तत्त्वतः योग्य वाटतो. ज्या खेळाडूंचा पगार परवडत नव्हता त्यांच्या जोरावर मिळालेले गुण परत घेणं, ही प्रतिस्पर्ध्यांची भरपाई आहे. पण पळवाट लगेच सापडली. २००७ मध्ये खालच्या श्रेणीत जाणं अटळ दिसू लागलं तेव्हा लीड्सने प्रशासक नेमला. दहा गुण कापले गेले, पण त्या वेळी त्या गुणांना किंमतच उरली नव्हती. पुढच्या हंगामात लीगला वेगळ्या कारणाने आणखी पंधरा गुण कापावे लागले.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. उधळपट्टीने दुखावलेले लोक दोन प्रकारचे असतात. एक, प्रतिस्पर्धी क्लब. दुसरे, ते गाव आणि तिथले छोटे धनको. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए चषक जिंकला आणि २०१० च्या फेब्रुवारीत त्याचा कारभार प्रशासकाकडे गेला. देणी दहा कोटी पौंडांहून जास्त. नऊ गुण कापले गेले. आता या धनकोंची यादी बघा. तिच्यात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था होती, म्हणजे मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक. पण लीगचा नियम असा की दुसऱ्या क्लबांचे आणि खेळाडूंचे पैसे पुरेपूर द्यायचे, बाकीच्यांना उरलंसुरलं. ब्रिटनच्या करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं, पण २०१२ मध्ये निकाल लीगच्या बाजूने लागला. कायद्यात तो नियम बसला असेल. न्यायात बसतो का? लीगने आपल्या सभासदांची काळजी घेतली आणि दाराबाहेरच्यांना रांगेत शेवटी उभं केलं.

बरं, प्रतिस्पर्ध्यांची तरी भरपाई नीट होते का? प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम असा होता की तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालेल. २०२२ पर्यंतच्या हिशेबात एव्हर्टनने ही मर्यादा ओलांडली. दहा गुण कापले गेले ते २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि अपिलात ते सहा झाले. पण २०२२ मध्ये एव्हर्टन ज्या हंगामात तरलं, त्याच हंगामात बर्नली चार गुणांच्या फरकाने बुडालं होतं. बर्नलीला त्या गुणांचा काय उपयोग? न्याय झाला, पण ज्याच्यासाठी व्हायचा तो तेव्हा तिथे नव्हता.

आणि सर्वात कठोर शिक्षा बरीला झाली. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए चषक जिंकलेला हा क्लब. २०१८ च्या अखेरीस तो एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाकडे क्लब चालवण्याइतके पैसे आहेत याचा पुरावा मालकी बदलण्याआधी मिळालेलाच नव्हता. तो शेवटपर्यंत मिळाला नाही, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लबाची लीगमधून हकालपट्टी झाली. जो प्रश्न आधी विचारायचा तो नंतर विचारला, आणि उत्तर न आल्याची शिक्षा गावाला!

जर्मनीत हा क्रम उलटा आहे. बुंडेसलीगामध्ये १९६३ पासून परवाना लागतो. येणाऱ्या हंगामाची देणी भागवता येतील हे हंगामाआधी दाखवायचं, तरच खेळायचं. अर्थात ही जादूची कांडी नव्हे. परवाना असूनही २००५ मध्ये डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या कडेवर पोहोचलं होतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. खर्चाला लगाम घातला तर मोठे मोठेच राहतील, छोट्यांनी वर यायचं कसं? ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली ती स्थानिक पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशावर. पुढे २०१० मध्ये हाच क्लब पुण्याच्या वेंकीज समूहाने घेतला, आणि आज लँकेशायरमधल्या त्या गावाचा क्लब आपल्या पुण्यातून येणाऱ्या पैशावर अवलंबून आहे. मालकाने स्वतःचा पैसा घालणं हा गुन्हा आहे का? मला नाही वाटत. पण दान आणि वचन यांत फरक करायला हवा. जॅक वॉकरसारखा कोणी उदार होणार असेल तर जरूर व्हावं, फक्त आधी पैसे ठेवावेत. क्लबाच्या उत्पन्नाबाहेरचा करार चार वर्षांचा असेल, तर चारही वर्षांचा पगार लीगकडे आगाऊ जमा करावा. मग मालकाचं मन बदललं तरी गाव उघडं पडणार नाही.

आणि इतकं करूनही एखादा क्लब बुडालाच, तर प्रथमोपचारवाल्यांना खेळाडूंच्या बरोबरीने पैसे मिळावेत, आणि ज्यांनी सह्या केल्या त्या संचालकांना पुन्हा कुठल्याही क्लबाच्या दारात उभं करू नये. गुण कापायचेच तर त्याच हंगामात कापावेत.

हे स्वप्नरंजन नाही. २०१३ मध्ये पोर्ट्समथ त्याच्या समर्थकांनी वर्गणी काढून विकत घेतला आणि चार वर्षं नीट चालवला. बरीच्या लोकांनी आपला क्लब २०२३ मध्ये गिग लेनच्या जुन्या मैदानावर पुन्हा खेळता केला, खूप खालच्या पायरीवरून. आणि २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र फुटबॉल नियामकाचा कायदा केला. आता तिथेही परवाना लागेल. मालकाला प्रश्न आधी विचारायला तिथल्या फुटबॉलला एकशे सदतीस वर्षं लागली. नियामक ते प्रश्न किती खोलात जाऊन विचारतो, यावर पुढच्या एखाद्या बरीचं भवितव्य ठरेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.