वनौषधींच्या पानांची प्राथमिक रासायनिक तपासणी

औषधी वनस्पतीच्या पानात कोणत्या वर्गातली रसायने आहेत, हे शोधण्याची पहिली पायरी म्हणजे ही तपासणी. पाने सावलीत वाळवून भरड दळतात आणि पाणी, अल्कोहोल अशा द्रावकांत त्यांचा अर्क काढतात.

अडुळशाचे उदाहरण बोलके आहे. खोकल्यावर घरोघरी वापरल्या जाणाऱ्या या पानांचा अर्क सौम्य आम्लात घेऊन त्यात ड्रॅगेनडॉर्फ अभिकारकाचे थेंब सोडले की नारिंगी साका तयार होतो. ही अल्कलॉइड वर्गातल्या रसायनांची खूण. अडुळशातले प्रमुख अल्कलॉइड व्हॅसिसिन. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध त्याच्याच रचनेवरून घडवले गेले. टॅनिन असल्यास फेरिक क्लोराइडने अर्क निळसर किंवा हिरवट काळा पडतो. सॅपोनिन असल्यास पाण्यात हलवताच टिकाऊ फेस येतो.

अर्काची रीत चुकली, तर गुणी पानही वाया जाते. चीनमध्ये संशोधक थू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या वनस्पतीचा अर्क काढला, म्हणूनच मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

रंग किंवा साका फक्त वर्ग सांगतो. नेमका रेणू आणि त्याची मात्रा क्रोमॅटोग्राफीसारख्या पद्धतींनी ठरते, विषारीपणा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते. गरोदर स्त्रियांनी अडुळशाचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.