वाघिणी कधी मिळणार?

लासलगावात आम्ही लहानाचे मोठे झालो ते कांद्याच्या वासात. हंगामात वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असे, ‘वाघिणी कधी मिळणार?’ कांदा पडून राहिला की सडतो. पण रेल्वेला हे विचारायचे कोणी?

कायदेमंडळाच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारता येऊ लागले ते १८९२च्या कायद्याने. तेव्हा एकदा उत्तर मिळाले की विषय संपे. उपप्रश्नाची मुभा १९०९ साली मिळाली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच. आमच्या गावावरून जाणारी जी. आय. पी. रेल्वे १९२५ साली सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतली आणि जाब द्यायला सरकारच समोर आले.

आज लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला नुसते लेखी उत्तर. ‘मागणीनुसार वाघिणी देतो’ एवढे म्हटले की पहिला प्रश्न संपतो. मागितल्या किती, दिल्या किती, किती दिवसांनी, हे उपप्रश्नातच निघते.

म्हणून खासदार भेटले की मी एवढेच सांगतो, साहेब, दुसरा प्रश्न आधी तयार ठेवा. आकडे आम्ही देतो.