चिकटपट्टीखालचा पिवळा दिवा

मागच्या महिन्यात गटाच्या मीटिंगला पुतण्याने मला मोटरसायकलवरून सोडलं. मीटरवर एक पिवळा दिवा सारखा पेटलेला. "काकू, तो एबीएसचा. गाडी चांगली चालते, चिकटपट्टी लावून टाकतो," म्हणाला. मला काही ते पटेना.

पूर्वी करकचून ब्रेक दाबला की चाक जाम व्हायचं आणि ओल्या रस्त्यावर, वाळूवर गाडी घसरायची. म्हणून मुरलेले ड्रायव्हर ब्रेक दाब-सोड करायचे. हेच काम यंत्राकडून करून घेण्याची युक्ती आधी विमानांच्या चाकांसाठी वापरली गेली. १९७८ साली जर्मनीच्या बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मोटारीत आलं. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो. चाक अडतंय असं दिसलं की यंत्र एका सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सैल करतं आणि पुन्हा धरतं.

पण यंत्रच चुकलं तर? सुरुवातीच्या काळात जर्मनीतल्या एका हमरस्त्यावर, रेडिओच्या मनोऱ्याजवळ आल्यावर काही गाड्यांचं एबीएस गडबडायचं, अशी नोंद अमेरिकेच्या नासा संस्थेच्या अहवालात आहे. उपाय म्हणून रस्त्याकडेला तारेची जाळी लावली होती. बघा, ज्या लहरींवरून माझा आवाज तुमच्या घरात येतोय, तसल्याच लहरी!

म्हणून गाडी नुसती चालवून बघणं पुरत नाही, तिला मुद्दाम त्रास द्यावा लागतो. आपल्या पुण्यात कोथरूडला, वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांनी मिळून ती १९६६ साली उभी केली. अशा प्रयोगशाळांत एक बंद खोली असते. भिंतींना टोकदार फोमचे सुळके असतात, म्हणजे लहरी उलट्या फिरत नाहीत. आत गाडी ठेवून तिच्यावर लहरींचा मारा करतात आणि काही बिघडतं का ते बघतात.

दुसरी चाचणी मला जास्त आवडली. एबीएस मुद्दाम बंद पाडायचं आणि ब्रेक मारायचा. तेव्हा साधा ब्रेक लागलाच पाहिजे आणि दिवाही पेटला पाहिजे. म्हणजे बिघाड होणारच, हे धरूनच गाडी बनवायची. पोराची गाडी "चांगली चालते" ती यामुळेच. पण एबीएस झोपलेलं, आणि आमच्या घाटात पावसाळ्यात तेच लागतं.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना, २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना. लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांचा जोडब्रेक हवा, असं तेव्हा ठरलं.

पुतण्याला गॅरेजला पाठवलं. सेन्सरवर चिखल बसला होता, एवढंच. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज बघा: चावी फिरवली की दिवा लागायला हवा आणि गाडी थोडी पुढे गेली की विझायला हवा. चावी फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर कोणी आधीच वायर काढून ठेवलीय का, ते विचारा.